मातृत्व आणि मच्छरदाणी

मूल झोपलेलं असतं तेव्हाच मातृत्व सर्वांत थोर वाटतं, असं माझं फार जुनं मत आहे. चित्रकारांचंही तेच असावं. त्यांची बाळं एकतर झोपलेली असतात, नाहीतर दूध पीत असतात. भोकाड पसरलेलं पोर दिवाणखान्यात कोण टांगणार?

बर्थ मोरिसोचं १८७२ सालचं 'पाळणा' हे चित्रच घ्या. पॅरिसला १८७४ साली इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात ते होतं. आता तिथल्याच ओर्से संग्रहालयात आहे. पाळण्यावर मच्छरदाणीसारखी पातळ जाळी, आत गाढ झोपलेली तान्ही पोर आणि गालाला हात लावून तिच्याकडे बघत बसलेली आई. पाहणारा म्हणतो, "वा! काय हे वात्सल्य!"

पण ही आई म्हणजे बर्थची सख्खी बहीण, एडमा. दोघी बरोबरीनं चित्रकला शिकल्या. १८६४ साली दोघींची चित्रं पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात लागली. १८६९ साली एडमानं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि तिची चित्रकला जवळजवळ सुटलीच. म्हणजे बघा, एक बहीण चित्रात जाऊन बसली आणि जिला तेव्हा मूलबाळ नव्हतं, तिच्या हाती कुंचला राहिला! एडमाच्या चेहऱ्यावर नुसतं वात्सल्यच आहे की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढे १८७८ साली बर्थलाही ज्यूली झाली. तिचा कुंचला मात्र थांबला नाही. कसा, त्याचं उत्तर तिनंच रंगवून ठेवलंय: ज्यूलीला पाजणारी पगारी दाई. पाजणारी आपल्या कामावर, रंगवणारी आपल्या. त्या दाईच्या स्वतःच्या लेकराला काही त्या चित्रात जागा नाही.

म्हणजे मातृत्व बघायचं तर चार पावलं लांब उभं राहावं लागतं, आणि तेवढा वेळ मूल दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर असतं. मग बर्थला दोष द्यायचा? मी नाही देणार. मोने आणि रेन्वारलाही मुलं होती. "मुलं झाल्यावर चित्रं काढता तरी कशी हो?" असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा आईची थोरवी गायची हुक्की आलीच, तर खुशाल गावी. फक्त गाताना मूल आपल्या कडेवर असावं. तासाभरात गाणं आपोआप थांबतं; आणि त्या तासात तिला काय करायचं, ते तिचं ती बघेल.