पिल्लू बदकाचेच निघाले असते तर?

हॅन्स ख्रिश्चन अँडरसन यांची कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ सालची. गदिमांच्या गाण्यामुळे ती मराठी घराघरांत पोचली. वॉल्ट डिस्ने यांनी ‘सिली सिम्फनी’ मालिकेत तिच्यावर दोनदा व्यंगपट काढला. दोन्हींचा शेवट मात्र वेगळा आहे.

१९३१ च्या कृष्णधवल चित्रपटात कोंबडी वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाला हाकलते. पुढे तिची पिल्ले वाहत्या पाण्यात सापडतात. हे पिल्लू पोहत जाऊन त्यांना वाचवते, तेव्हा कुठे कोंबडी त्याला जवळ घेते. १९३९ च्या रंगीत, ऑस्करविजेत्या चित्रपटात पिल्लू काहीच पराक्रम करीत नाही. ते मुळात राजहंसाचे असते. आपली माणसे भेटतात आणि दुःख संपते.

म्हणजे मान मिळण्याच्या वाटा दोनच: उपकार करा, नाहीतर उच्च कुळाचे निघा.

आपला समाजही याच दोन वाटांनी जातो. कोणी निष्ठेवर शंका घेतली की आपण १९६५ च्या युद्धातील परमवीर अब्दुल हमीद यांचे नाव घेतो, अब्दुल कलामांचे नाव घेतो. अभिमान रास्तच आहे. पण ज्या हमालाने, विणकराने कोणताही पराक्रम केला नाही, त्याने मान कशाच्या बळावर मागायचा? दुसरीकडे आपण बादशहांचे वारस म्हणून मिरवतो आणि सोयरिकीच्या वेळी बिरादरी विचारतो. तेव्हा चोच मारणारे आपणच असतो.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, ते खरंच बदकच असतं तर?” मला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तर खरे तर आपल्याजवळच आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने आदमच्या संततीला प्रतिष्ठा दिल्याचे सांगितले आहे. तेथे पराक्रमाची अट नाही, वंशाचीही नाही. तकवा माणसाला अल्लाहजवळ श्रेष्ठ ठरवील. पण त्याचा हिशेब अल्लाहकडे आहे, शेजाऱ्याकडे नाही. तळ्यावर राहण्याचा हक्क त्याआधीचा आहे.

म्हणून आपली मुले राजहंस आहेत हे जगाला पटवून देण्यात शक्ती घालवू नये. बदकाच्या कुरूप पिल्लालाही कोणी चोच मारू नये, हे आधी आपल्या घरात, मोहल्ल्यात आणि वर्गात पाळावे. दुसऱ्यांकडे तेच मागण्याचे बळ त्यातूनच येईल.