चेतापेशी आधीच होती काय?

कार्य उत्पन्न होण्यापूर्वी कारणात असते की नसते, हा सांख्य आणि न्याय-वैशेषिक दर्शनांमधला जुना वाद आहे. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सत्कार्यवाद मांडते: तेल तिळातूनच निघते, वाळूतून नाही, कारण तिळात ते अव्यक्त रूपाने असतेच. नैयायिकांच्या मते उत्पत्तीपूर्वी कार्याचा प्रागभाव असतो. जे उपजते ते नवे असते.

प्रयोगशाळेतल्या पीसी-१२ पेशी या वादाची चांगली कसोटी घेतात. लॉइड ग्रीन आणि आर्थर टिशलर यांनी १९७६ मध्ये त्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील गाठीपासून मिळवल्या. एरवी त्या गोलसर असतात आणि विभागत राहतात. संवर्धनात एनजीएफ हा चेतावृद्धिघटक घातला की आठवडाभरात विभाजन थांबते आणि पेशींना चेतापेशींसारखे लांब तंतू फुटतात.

मग तंतूंचा आकार एनजीएफने आणला काय? तसे दिसत नाही. ईजीएफ हा दुसरा वृद्धिघटक याच पेशींना केवळ विभागायला लावतो. दोघेही पेशीत ईआरके नावाचे विकर जागे करतात. ईजीएफमुळे ते थोडा वेळ जागे राहते, एनजीएफमुळे तासन्‌तास. ईजीएफचे ग्राहक कृत्रिमरीत्या वाढवले तर त्याच ईजीएफनेही तंतू फुटतात. म्हणजे वृद्धिघटक हे केवळ निमित्तकारण; त्याला काय प्रतिसाद द्यायचा, हे पेशीच्या घडणीवर ठरते. शिवाय अधिवृक्क ग्रंथीचा गाभा आणि अनुकंपी चेतापेशी गर्भात एकाच चेताशिखेतून घडतात, आणि एनजीएफ मिळण्यापूर्वीही या पेशी डोपामाइन हे चेतासंदेशक रसायन बनवतच असतात. इथवर सांख्यांची बाजू भक्कम आहे.

पण तंतू पेशीत दडून बसलेला नसतो. नवा आरएनए बनणे रोखले तर एनजीएफ देऊनही तो उगवत नाही. त्याची सामग्री त्या वेळी घडवावी लागते. प्रागभाव मानणाऱ्या नैयायिकांचे म्हणणे इथे खरे ठरते. सामर्थ्य आधीपासून असणे वेगळे आणि कार्य आधीपासून असणे वेगळे. सत्कार्यवाद पहिल्यावरून दुसरे सिद्ध करू पाहतो, आणि तिथेच तो तोकडा पडतो. शिवाय हे कार्य कायमचेही नसते: एनजीएफ काढून घेतल्यास तंतू झडतात आणि काही दिवसांत पेशी पुन्हा विभागू लागतात.