लक्तरे आणि आपलेपणा

सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आपण विचारतो, ‘कॉलेज कसे आहे?’ तो म्हणतो, ‘बरे आहे.’ हे ‘बरे’ मोठे सोयीचे असते. कॉलेज लहान असले, सारे एकमेकांना ओळखत असले, तर अधिक काही बोलणे म्हणजे घरची लक्तरे वेशीवर टांगणे, असे आपण त्याला न सांगता शिकवलेलेच असते. जिथे विद्या घेतली तिथले उणे सांगणे हा कृतघ्नपणा आहे काय?

या प्रश्नासंबंधी आम्हांला संत जॉन हेन्री न्यूमन यांचे विद्यार्थिजीवन फार बोलके वाटते. 1817 च्या जूनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षात, ते ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी या लहानशा कॉलेजात राहावयास गेले. तिथले मद्यपान पाहून ते हबकले. एकदा सोबत्यांनी त्यांना व्हायोलिन घेऊन बोलावले. हेतू एवढाच की, या बुजऱ्या पोराला पाजावे आणि गंमत पाहावी. न्यूमन उठून निघून गेले. हे सारे त्यांनी पत्रांतून घरी स्पष्ट कळवले. ट्रिनिटीत निभावण्यास मद्यपानाखेरीज दुसरी पात्रता लागत नाही, अशा आशयाची त्यांची तक्रार होती. (त्या वयाचा मुलगा थोडी अतिशयोक्ती करणारच!) परंतु त्याच कॉलेजातील त्यांच्या ट्यूटरने त्यांच्यात लक्ष घातले आणि 1818 मध्ये त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, हेही तितकेच खरे.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की न्यूमननी लिहिले ते आपल्या माणसांना; ज्यांना जाणण्याचा हक्क होता त्यांना. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, दुसऱ्याचे खरे दोषदेखील सबळ कारणावाचून अजाण माणसाजवळ उघड करणे हे पाप मानले आहे. पण त्याच ठिकाणी खुशामतीलाही पाप म्हटले आहे. हा दुसरा भाग आपण सहसा वाचत नाही. संस्थेच्या वार्षिक समारंभातील आमच्यासारख्यांची भाषणे ऐकली म्हणजे याची खात्री पटते.

खऱ्या बोलाची किंमत तो बोलणाऱ्यालाच पुढे मोजावी लागते. न्यूमन 1826 साली ओरिएल कॉलेजात ट्यूटर झाले. शिक्षकाने केवळ पाठ न देता विद्यार्थ्याच्या आत्म्याचीही जबाबदारी घ्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यावरून प्रमुखांशी वाद झाला व त्यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठवणे बंद झाले. विद्यार्थी असताना जे उणे दिसले, ते भरून काढण्याचा यत्न त्यांना महाग पडला.

आणि ट्रिनिटीवरचे त्यांचे प्रेम? आपल्या खोलीसमोरच्या भिंतीवर उगवणारी स्नॅपड्रॅगनची फुले ते विसरले नाहीत. 1864 च्या आत्मकथनात त्यांनी त्यांचा उल्लेख केला. 1846 मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड सोडले होते. 1877 च्या अखेरीस ट्रिनिटीने त्यांना आपले पहिले मानद फेलो केले, आणि पुढच्या फेब्रुवारीत, बत्तीस वर्षांनी, सत्त्याहत्तर वर्षांचा तो वृद्ध धर्मगुरू आपले जुने कॉलेज पाहण्यास परत गेला.