पूर्वतयारीचे कर्म आणि वाढदिवसाचा केक

डायनासोर, आगगाडी किंवा जंगल अशी एखादी कल्पना धरून मुलाच्या वाढदिवसासाठी घरी केलेला केक सहसा एका दिवसात होत नाही. फाँडंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याची, चित्रे वाळून ताठ व्हावीत म्हणून ती काही दिवस आधी घडवावी लागतात. स्पंज आदल्या दिवशी भाजून, पूर्ण निववून, गुंडाळून ठेवला तर आकार कापताना त्याचा चुरा होत नाही. आणि मग क्रीम लावणे व शेवटची मांडणी तेवढी समारंभाच्या दिवसासाठी उरते. या रीतीतून धर्मचिंतनाच्या दृष्टीने एक खरा प्रश्न उभा राहतो: मुलाच्या आयुष्यवृद्धीची इच्छा मनात धरून जे अन्न सिद्ध करायचे ते आधी करून ठेवलेले चालते काय, आणि आदल्या दिवसांच्या श्रमांना प्रत्यक्ष मंगलक्षणाइतके मोल असते काय?

भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात तामस आहाराचे जे वर्णन आहे, त्यात पर्युषित, म्हणजे रांधल्यावर रात्र उलटलेले, अन्न येते, आणि शब्दशः घेतल्यास आदल्या दिवशीचा केकही त्यातच मोडेल. परंतु मनुस्मृतीच्या 5व्या अध्यायात स्नेहयुक्त, म्हणजे तूप किंवा तेल असलेले, निर्दोष पदार्थ रात्र उलटल्यावरही खाण्याची मोकळीक दिली आहे, आणि जव व गहू यांचे पदार्थ तसेच दुधापासून होणारे पदार्थ यांना स्नेहावाचूनही तीच सवलत आहे. गहू, लोणी आणि दूध यांचा केक या सवलतीत सहज बसतो (अंड्याचा प्रश्न वेगळा, आणि तो ज्या त्या घराच्या आचाराचा), त्यामुळे निषेधाचा रोख उलटलेल्या वेळेपेक्षा अन्नाच्या बिघडण्यावर आहे असे मानणे सयुक्तिक ठरते.

श्रमांच्या मोलाचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याचे नेमके उत्तर पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदविहित कर्मांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, मिळते. अमावास्या व पौर्णिमेच्या संधीवर करायच्या दर्शपूर्णमास या यागात आहुती हे प्रधान कर्म, तर तिच्या सिद्धीसाठी करायच्या गोष्टी ही तिची अंगे होत. पुरोडाशासाठी, म्हणजे कपालांवर भाजायच्या पिठाच्या वडीसाठी, धान्य कांडून त्याचा कोंडा काढणे हे असेच एक अंग आहे. आणि अमावास्येच्या यागातील सांनाय्य या हविर्द्रव्यासाठी तर आदल्या संध्याकाळी गायी दोहून दूध विरजणाला लावावे लागते, व ते दही दुसऱ्या सकाळच्या ताज्या दुधासह अर्पण होते. म्हणजे आदल्या दिवशी केलेली वस्तू वैदिक यज्ञात केवळ चालून जाते असे नाही, तर ती विहितच आहे. मीमांसक याहीपुढे जातात: द्रव्यावर संस्कार करून प्रधानाला साहाय्य करणाऱ्या अंगांना ते संनिपत्योपकारक म्हणतात, द्रव्याला न स्पर्शता लांबून साहाय्य करणाऱ्यांना आरादुपकारक म्हणतात, आणि पहिल्या प्रकाराला दुसऱ्यापेक्षा बलवान मानतात. हा न्याय घराला लावला तर पीठ चाळणारे, लोणी फेसणारे, साखरेचे पान कोरणारे हात फुगे व तोरणे यांपेक्षा वरच्या पायरीवर बसतात, आणि हा निर्णय योग्यच वाटतो.

महाराष्ट्रातील घरांना ही दृष्टी अपरिचित नाही. बोरन्हाणासाठी मंद आचेवर थोडा थोडा पाक घालून हलव्यावर काटा चढवायचा, मग त्याचा मुकुट, बासरी, बाजूबंद करून बाळाला कृष्ण सजवायचे, हे काम संक्रांतीच्या पुष्कळ आधी सुरू होते. कल्पना धरून केलेला गोड पदार्थ मुलाच्या सोहळ्यात पाश्चात्त्य केकच्या आधीपासून होता.

तरीही एक धोका उरतो. गीतेच्या त्याच अध्यायात फळाच्या अपेक्षेने किंवा दंभासाठी, म्हणजे लोकांना दिसावे म्हणून, केलेला यज्ञ राजस ठरवला आहे. अशा केकचे रूप मुळातच पाहण्याजोगे असते, त्याची छायाचित्रे सर्वत्र जातात, आणि बघता बघता मुलाच्या ताटातली वस्तू मोठ्यांच्या चढाओढीची वस्तू होते. तसे झाले की आधीचे श्रम आपले अंगत्व गमावतात, कारण ज्या प्रधानासाठी ते होते त्याच्या जागी दुसरेच प्रधान येऊन बसते. याची परीक्षा पुष्कळदा मूलच घेते: हट्टाने डायनासोर मागणारे मूल वाढदिवसाच्या सकाळी आगगाडीसाठी अडून बसते, किंवा मन लावून घडवलेल्या प्राण्याचे तोंड तेवढे चाटून खेळायला पळते. संकल्प, म्हणजे कर्माआधीचा निश्चय, करणाऱ्याला बांधतो, बालकाला नाही. अशा वेळी आई-वडील रागावले तर त्या केकमध्ये कौतुकाची अपेक्षा किती मिसळली होती ते उघड होते. आणि त्यांनी हसून उरलेले तुकडे जमलेल्या मुलांना वाटले, तर कर्म यथासांग पार पडले.