पैसा ताईंपर्यंत पोचायला हवा

लहान मुलांच्या शिक्षणासाठी निधी आला की तो कुठे खर्च झाला हे बहुतेक वेळा लांबूनही दिसतं. भिंती रंगतात, त्यांवर फळं आणि प्राणी येतात, खेळण्यांची पेटी येते, अलीकडे टीव्हीही येतो. यातलं काहीच वाईट नाही. गळक्या छपराखाली बसलेल्या मुलांना चांगली खोली मिळालीच पाहिजे. पण तीन ते सहा वर्षांचं मूल शिकतं ते माणसाकडून. त्याचं अर्धवट वाक्य ऐकून घेणारं, त्याच्या चुकीमागचा विचार ओळखणारं, रोज त्याच वेळी त्याच जागी भेटणारं माणूस त्याला लागतं. म्हणून बालशिक्षणाच्या अनुदानावर पहिला हक्क शिकवणाऱ्या बाईचा असायला हवा: तिच्या प्रशिक्षणाचा, तिच्या वेळेचा आणि तिच्या मोबदल्याचा. आज हा क्रम उलटा झाला आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. यांतल्या पाच आहार-आरोग्याच्या, एक शिक्षणाची, आणि गावपातळीवर या सगळ्या पोचवणारी मुख्यतः एक सेविका, सोबत एक मदतनीस. वजन-उंची घ्यायची, पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी भरायच्या, घरपोच आहाराचं वाटप करायचं, गरोदर बायकांच्या घरी जायचं. वर सर्वेक्षण निघालं की तेही तिच्याकडेच येतं. वजनाची नोंद राहिली तर पर्यवेक्षिका त्याच दिवशी विचारते. गोष्ट सांगायची राहिली तर कोणी विचारत नाही. ज्याची विचारणा होते ते काम आधी उरकतं आणि उरलेल्या वेळात शिक्षण होतं.

याला कायद्याचीही बाजू आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा, एवढंच अनुच्छेद ४५ सांगतो. हक्क असता तर शिक्षकाची पात्रता, पद आणि वेतन हे प्रश्न टाळता आले नसते. हक्क नाही, म्हणून योजना आहे. योजना आहे, म्हणून वेतनाऐवजी मानधन आहे. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचं मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार केलं. राज्यं आपल्या परीने त्यात भर घालतात, महाराष्ट्रानेही घातली, पण ती वेळोवेळी संप आणि मोर्चे झाल्यावर. ग्रॅच्युइटी मिळण्याचा सेविकांचा हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. दुपारी घरी जाऊन शिलाईला किंवा शेतावर जाणाऱ्या बाईने उद्याच्या पाठाची तयारी कधी करायची, याचं उत्तर अनुदान ठरवणाऱ्यांनी द्यायला हवं.

प्रशिक्षणाकडे धोरणाचं लक्ष नाही असं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय वर्षं तीनपासूनची पाच वर्षं पायाभूत टप्पा मानली. बारावी किंवा पुढे शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षभराची पदविका सुचवली. महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, असंही त्यात आहे. २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आला. दिवसाला किमान दोन तास पूर्वशालेय शिक्षण, ही त्याची अपेक्षा. २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ आणि त्याआधीच्या वयासाठी ‘नवचेतना’ हे आराखडे आले. विचार योग्य आहे, कागद चांगला आहे. पण या कार्यक्रमात सेविकेच्या वाट्याला सुरुवातीला आलेलं प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं. धोरण सहा महिन्यांची आणि वर्षाची भाषा करतं, अंमलबजावणी तीन दिवसांपासून सुरू होते. एवढ्या मोठ्या संख्येला गाठायचं तर सुरुवात लहान असणार, हे मान्य. पण पुढे काय, हा प्रश्न राहतोच.

तीन दिवसांत काय शिकता येतं आणि काय येत नाही, हे एका साध्या खेळातून दिसतं. मुलांपुढे चिंचोके, शेंगदाणे आणि गुंजा यांचा ढीग ठेवायचा आणि वेगवेगळं करा म्हणायचं. हा खेळ कसा मांडायचा, हे अर्ध्या तासात शिकवता येतं. पण एखादी मुलगी चिंचोके आणि शेंगदाणे एकत्र ठेवते आणि गुंजा बाजूला काढते. ताई म्हणाल्या, “चुकलं गं,” आणि स्वतःच ढीग लावून दिला, तर खेळ तिथेच संपला. ताईंनी विचारलं, “हे दोन्ही एकत्र का ठेवलेस?” आणि मुलगी म्हणाली, “हे मोठे आहेत,” तर कळतं की तिने आकारावरून वर्गीकरण केलं आहे. आता पुढचा प्रश्न रंगाचा किंवा साल काढता येते का याचा असू शकतो. हा दुसरा ताईपणा व्याख्यानातून येत नाही. कोणीतरी शेजारी बसून पाहावं लागतं, नंतर दोन शब्द बोलावे लागतात, पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागतं. लहान मुलांना शिकवणं हे कौशल्याचं काम आहे, आणि कौशल्य सरावातून आणि सोबतीतून येतं.

हे महाराष्ट्राने फार पूर्वी करून पाहिलं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या जवळ गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पानं, बिया आल्या. साधनं स्वस्त झाली, हा भाग आपण उचलला. त्याच आवारात शिकवणाऱ्या बायकाही घडत होत्या, समोर मुलं आणि शेजारी अनुभवी कार्यकर्त्या असताना शिकत होत्या, हा भाग मात्र निसटला. साधन जितकं साधं, तितकी बाई तयार लागते. मूठभर चिंचोक्यांतून गणित काढायचं तर ते तिला काढता आलं पाहिजे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. पैसा मर्यादित आहे, कुपोषण अजून आहे, मग आधी पोटाचं बघायचं की पाठाचं? या प्रश्नाचं उत्तर तमिळनाडूत मिळालेलं आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींत चिठ्ठी टाकावी तशी निवड करून फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिक्षणाला मिळणारा वेळ जवळपास दुप्पट झाला आणि दीड वर्षानंतर मुलांची भाषा आणि गणित स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं. शिवाय त्या केंद्रांत खुंटलेल्या वाढीचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही कमी झालं, कारण मूळ सेविकेला आहार-आरोग्याच्या कामासाठी वेळ मोकळा मिळाला. तेव्हा पोट की पाठ, असा पेच इथे नाही. माणसाचा वेळ विकत घेतला की दोन्ही कामं सुधारतात. नव्या कार्यकर्तीचा खर्च तिच्यामुळे मुलांच्या पुढच्या कमाईत होणाऱ्या अंदाजित वाढीपुढे फार थोडा ठरतो, असाही त्या अभ्यासाचा हिशेब आहे.

अंगणवाडीबाहेरच्या बायकांकडेही पाहायला हवं. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत चाळीतल्या खोलीत, बंगल्याच्या तळमजल्यावर, शाळेला जोडून हजारो बालवाड्या आणि नर्सऱ्या चालतात. त्यांना प्राथमिक शाळांसारखं शासकीय वेतन अनुदान नाही. कमावतं घर कमी फी परवडते म्हणून तिथे मुलाला घालतं, आणि त्या फीतून जेमतेम पगार निघतो. तिथल्या शिक्षिकेने स्वखर्चाने बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा, ही अपेक्षा बरोबर नाही. मग पालकांना दाखवायला पाटी-पुस्तक आणि गृहपाठ येतो, चार वर्षांच्या मुलाची बोटं लेखणीने दुखतात. प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती या बायकांनाही खुली असावी. मूल कोणत्या दारातून आत गेलं, यावर त्याच्या ताईचं शिक्षण अवलंबून राहू नये.

सरकारी योजना असो की कंपनीचा सामाजिक निधी, बालशिक्षणासाठी पैसा देणाऱ्यांनी काही अटी स्वतःला घालून घ्याव्यात. प्रशिक्षणाचा निधी किमान तीन वर्षांचा असावा, कार्यशाळेपुरता नसावा. त्यातला मोठा भाग वर्गात येऊन शेजारी बसणाऱ्या मार्गदर्शिकेवर खर्च व्हावा. पर्यवेक्षिकेच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्या इतक्या आहेत की नोंदी तपासण्यापलीकडे तिला फारसा वेळ उरत नाही. मार्गदर्शनाचं काम तिच्यावर आणखी लादू नये, त्यासाठी वेगळी माणसं नेमावीत. प्रशिक्षणाच्या दिवसांचा मोबदला आणि प्रवासखर्च सेविकेच्या हातात पडावा, आणि अभ्यासक्रम पूर्ण केला की मानधनात वाढ व्हावी. नाहीतर शिकणं म्हणजे आणखी एक बिनपगारी काम ठरतं. अहवालात किती सेविका प्रशिक्षित झाल्या हा आकडा असतोच. त्याच्या शेजारी, त्यानंतर मुलांना रोज किती वेळ मिळाला, हाही रकाना असावा.

या मागण्या खर्चाच्या आहेत, हे मला ठाऊक आहे. पण चौथीत वाचता न येणाऱ्या मुलासाठी पुढे उपचारात्मक वर्ग, शिबिरं आणि चाचण्या यांवर खर्च आपण करतोच. त्यातला काही भाग पाच वर्षं आधी, त्याच्या पहिल्या ताईवर केला, तर तो सत्कारणी लागेल. राज्याच्या अर्थसंकल्पात महिला व बालविकासाची पानं येतील तेव्हा आमदारांनी आणि पालकांनी एकच प्रश्न लावून धरावा: यातले किती रुपये शिकवणाऱ्या बाईच्या शिक्षणावर आणि वेळेवर आहेत? जोवर या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळत नाही, तोवर नव्या रंगाच्या भिंतींना बालशिक्षणातली गुंतवणूक म्हणू नये.