वर्षारंभ, होकुसाई आणि नवेपणाचा प्रश्न

वर्ष बदलते तेव्हा खरोखर काही नवे सुरू होते, की मोजदादीची एक खूण तेवढी ओलांडली जाते, या शंकेच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय दर्शनांनी कार्यकारणभावाच्या चर्चेत फार पूर्वीच हाताळला आहे. कार्य उत्पन्न होण्यापूर्वीच कारणात सूक्ष्मरूपाने असते, हे सांख्यांचे मत म्हणजे सत्कार्यवाद. तिळात तेल असते म्हणूनच ते निघते, वाळूतून निघत नाही, हा त्याचा नेहमीचा दाखला. न्याय-वैशेषिकांनी याविरुद्ध असत्कार्यवाद मांडला, ज्याला आरंभवाद असेही म्हणतात: तंतूंमध्ये वस्त्र नसते, ते विणल्यावर प्रथमच अस्तित्वात येते, आणि त्यापूर्वीच्या त्याच्या नसण्याला प्रागभाव ही संज्ञा आहे. हा वाद कलावंताच्या कामावर घासून पाहण्याजोगा आहे, कारण नवे निर्माण करणे हेच ज्याचे काम, त्याला या प्रश्नाला बगल देता येत नाही.

जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई (1760–1849) याचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. त्याच्या काळच्या जपानात मूल जन्मतःच एक वर्षाचे धरले जाई आणि पुढे प्रत्येकाचे वय वर्षाच्या पहिल्या दिवशी वाढे, त्यामुळे वर्षारंभ हा साऱ्या समाजाचा सामाईक वाढदिवस असे. शिवाय दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्यांतून तेथे साठ वर्षांचे चक्र मोजले जाई. प्रभव, विभव अशा नावांनी चालणारे आपले साठ संवत्सरांचे चक्र गणिताने वेगळे असले, तरी साठ वर्षांनी काळ आपल्या जुन्या नावाशी परततो ही धारणा दोन्हीकडे सारखीच आहे. होकुसाईच्या जन्माचे ड्रॅगन-वर्ष 1820 मध्ये असे परत आले, तेव्हा त्याने ‘इइत्सु’, म्हणजे ‘पुन्हा एक’, हे नाव धारण केले. आयुष्यात त्याने तीसच्या आसपास नावे वापरली आणि सोरीसारखे नावारूपाला आलेले नाव शिष्याला देऊनही टाकले. मिळवलेल्या नावावरचा हक्क असा सोडणे हे वर्षारंभीच्या कोणत्याही संकल्पापेक्षा कितीतरी अवघड आहे.

या नव्या नावाने लगेच काही घडले नाही. आजारपण, 1828 मध्ये पत्नीचा मृत्यू आणि नातवाने करून ठेवलेले कर्ज यांत ते दशक गेले, आणि ‘कानागावाची महालाट’ हे जगप्रसिद्ध मुद्राचित्र 1831 च्या सुमारास आले. तत्पूर्वी, 1805 च्या आसपास, त्याने उसळत्या लाटेखालून जाणाऱ्या होड्यांचे एक चित्र केले होते. त्यात पाणी जड, घट्ट ढिगाऱ्यासारखे आहे आणि फुजी पर्वत नाही. नंतरच्या चित्रात फेसाला नखे फुटली आहेत, तीन होड्यांतील वल्हेकरी वाकून होड्यांना चिकटले आहेत, प्रशियन निळ्या रंगाने पाण्याला खोली आली आहे, आणि लाटेच्या कुशीत दूरचा फुजी इतका लहान झाला आहे की तोही क्षणात बुडेल असे वाटते. सांख्य म्हणेल की बीज आधीचेच होते, आणि ते खोटे नाही; लाट, होडी, फुजी हे सारे त्याने पूर्वी रेखाटलेले होतेच. परंतु अचल पर्वताला एका निमिषाच्या धाकात आणणारे हे नाते त्या सुट्या घटकांपैकी कशातही नव्हते, आणि म्हणून येथे आरंभवादाची बाजू अधिक बळकट ठरते. वस्त्र झाले तरी तंतू नाहीसे होत नाहीत, हेही त्याच वादाला मान्य आहे. पाटी कोरी केल्याशिवाय आरंभ होत नाही ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

फुजीच्या शंभर दृश्यांच्या 1834 मधील ग्रंथाच्या अखेरीस होकुसाईने लिहिले की, सत्तरीपूर्वीचे आपले काम लक्षात घेण्याजोगे नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी पशु-पक्षी-कीटकांची घडण थोडीफार उमगली आणि एकशे दहाव्या वर्षी प्रत्येक बिंदू व रेघ सजीव होईल. याला विनय म्हणणे अपुरे आहे. स्वतःच्या भूतकाळावर दिलेला हा निवाडा आहे, आणि असा निवाडा न देता केलेला आरंभ ही केवळ तारखेची नोंद राहते. 1849 च्या पहिल्या महिन्यात, ड्रॅगनच्या दिवशी, त्याने फुजीवरून आकाशात चढणाऱ्या ड्रॅगनचे चित्र काढले, त्यावर आपले जन्मवर्ष आणि नव्वद हे वय लिहिले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे निधन झाले. अखेरच्या काळातील चित्रांवर तो जी मुद्रा उमटवीत असे, तिच्यावर ‘शंभर’ हे अक्षर कोरलेले होते.