सारखं म्हणजे काय सारखं?

'सगळ्यांना सारखं वागवा' असं सांगायला अर्धा मिनिट लागतो. वागवणाऱ्याचा जन्म जातो. कारण नेमकं काय सारखं ठेवायचं, हे सांगणारा कधीच सांगत नाही. या प्रश्नाचा खुलासा मला कुठल्या प्रवचनात नव्हे, तर चिरंजीवांच्या 'काउंटर-स्ट्राइक' नावाच्या बंदूकबाजीच्या खेळात मिळाला.

या खेळात माऊस सरकवला की नजर फिरते आणि नजरेबरोबर बंदूक. एडब्ल्यूपी नावाच्या लांब पल्ल्याच्या बंदुकीला दुर्बीण असते. एरवी पडद्यावर ९० अंशांचा देखावा मावतो (जुन्या चौकोनी पडद्याच्या हिशेबाने). दुर्बीण लावली की ४० अंशांचा, आणखी जवळ आणली की फक्त १० अंशांचा. शत्रू जवळ येतो, पण हात तोच! मग दुर्बिणीतही हाताला 'सारखं' वाटावं म्हणून माऊसचा वेग किती कमी करावा?

आम्ही बी. कॉम. लगेच त्रैराशिक मांडलं. ९० भागिले ४०, म्हणजे सव्वादोन.

"पण बाबा, चित्र पावणेतीन पट मोठं होतं!" चिरंजीव म्हणाले. "तिथे टॅन्जंट लागतो."

गंमत म्हणजे दोघंही बरोबर. सव्वादोनने भागलं, तर नेम पडद्याच्या कडेपर्यंत न्यायला हात पूर्वीइतकाच सरकतो. पावणेतीनने भागलं, तर पडद्याच्या मधोमध, जिथे नेम असतो तिथे, चित्र पूर्वीच्याच वेगाने सरकतं. आणि भागलंच नाही, तर स्वतःभोवती गिरकी घ्यायला हात तेवढाच लागतो, पण दुर्बिणीतला शत्रू झुरळासारखा सैरावैरा पळतो. तिन्ही सारखेपणा खरे. एका वेळी पदरात एकच पडतो. बरं, खेळात यासाठी गुणक एकच. मध्य साधायला तो ४० अंशांना ०.८१९ लागतो, १० अंशांना ०.७८७. दोन दुर्बिणींनासुद्धा एक नियम पुरत नाही, तिथे माणसांची काय कथा?

आमच्या बँकेतही काउंटर आणि स्ट्राइक दोन्ही आहेत. दुर्बीणही आहे. खातेदाराची नमुना सही हल्ली संगणकावर हवी तेवढी मोठी करून बघता येते. पेन्शन घ्यायला आलेल्या ऐंशीच्या आजोबांची सही मोठी केली, की हाताचा कंपही मोठा होतो. साध्या डोळ्यांना शेपटीचा किंचित बाक वाटतो, तो पडद्यावर सह्याद्रीचा घाट दिसू लागतो. आता व्यापारी शेटजींना लावतो तीच कसोटी त्यांना लावायची? नियम सारखा राहील. आजोबा मात्र रिकाम्या हाताने परत जातील. त्यांना समोर बसवून, पासबुक बघून, चार प्रश्न विचारून पुन्हा सही घेतली, तर मागची रांग कुरकुरते, "त्यांनाच का एवढा वेळ?" रांगेचंही खोटं नाही. रांग म्हणजे पडद्याची कड. तिथून बघितलं तर माप चुकलेलंच दिसतं.

पण माझा कौल मध्याला. जो माणूस समोर उभा आहे, त्याच्यापाशी माप जुळलं पाहिजे. कडेला थोडं चुकेल, त्याची कुरकुर पगारात धरलेली आहे. एवढं मात्र पक्कं, की दुसऱ्याला जितकं मोठं करून बघाल, तितका हात हलका ठेवा. दुर्बीण लावून पूर्वीच्याच जोराने हात मारणारा माणूस न्यायी नसतो. त्याचा नुसता नेम चुकत असतो.